पाच वाजताचा कोन

९ जानेवारी २०१२, सोमवार. जळगाव

चौतीस वर्षे पाठांची टाचणे काढली, पण स्वतःसाठी म्हणून कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. आज सुरुवात करतो. उद्या सौ.च्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन आहे आणि घरात कुणीतरी नीट नोंद ठेवली पाहिजे. आमची मुलगी रजनी खंडव्याला असते. ती फोनवर "सब ठीक हो जाएगा बाबा" यापलीकडे काही बोलत नाही. ही काही नोंद झाली नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी टेबलावर दोन कृत्रिम सांधे मांडले. एक नेहमीचा, दुसरा जास्त वाकणारा. त्याला ते हाय-फ्लेक्स म्हणतात. मी जन्मभर भूमिती शिकवलेली, त्यामुळे विचारले, किती अंश? म्हणाले, पहिला साधारण एकशेदहा, दुसरा एकशेतीस-पस्तीसपर्यंत जाऊ शकतो. "पण आजी, सांधा वाकतो म्हणून पाय वाकेलच असं नाही. पाय तुम्हालाच वाकवायचाय."

सौ. बाजारात वांगी निवडावीत तसे दोन्ही सांधे हातात घेऊन पाहत होती. मग म्हणाली, "आखाजीला चुलीपुढं बसायचंय मला. ह्याच्यानं बसता येईल का?"

डॉक्टरांना आखाजी माहीत होती, पण चूल कशाला ते कळेना. मी खुलासा केला. आमच्याकडे त्या दिवशी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापराचे मांडे लागतात. चुलीवर मातीचे खापर पालथे घालायचे, पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पसरत न्यायचा आणि अलगद खापरावर टाकायचा. आमच्या घरी हे काम पाटावर बसूनच होते. गेल्या आखाजीला सौ.ने उभ्याने, गॅसवर करून पाहिले. खापर तडकले. माझ्या आईने, गोदाबाईने, दुकानातली पुरणपोळी एक शब्द न बोलता खाल्ली. भाद्रपदात आई गेली. या आखाजीला तिच्या नावाची पहिली घागर पुजायची आहे, आणि त्या घागरीपुढचा मांडा आपल्याच हातचा हवा, एवढ्यासाठी सौ. ऑपरेशनला तयार झाली. नाहीतर सहा वर्षे मी सांगतोच आहे.

आखाजी २४ एप्रिलला. उद्यापासून बरोबर पंधरा आठवडे. डॉक्टर म्हणाले, "चला, परीक्षेची तारीख तर जाहीर झाली."

मला हा माणूस आवडला.

१६ जानेवारी, सोमवार. बुऱ्हाणपूर

घरी आलो. सोडताना डॉक्टरांनी ८५ अंश लिहून दिले. दीड महिन्यात एकशेदहाच्या आसपास, तीन महिन्यांत एकशेवीसच्या पुढे, अशी अपेक्षा. पाय सरळ असला की ते शून्य धरतात. भूमितीत तो सरळकोन, म्हणजे १८०. मी हे त्यांच्या लक्षात आणून दिले. ते म्हणाले, आपण दोघेही बरोबर आहोत. तेव्हा मी माझ्या पद्धतीने मोजेन आणि १८० मधून वजा करून लिहीन.

मोजण्यासाठी फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक माळ्यावरून काढला. निवृत्तीच्या दिवशी शाळेने शाल, नारळ आणि हा कोनमापक दिला होता, कारण शाळेत प्लास्टिकचे आले होते. तो काढायला स्टुलावर चढलो. उतरताना जरा वेळ लागला. स्टूल डगमगते आहे, सुताराला दाखवले पाहिजे.

मोजमापाची वेळ रोज संध्याकाळी पाच. तसे वेळापत्रक पलंगाशेजारच्या भिंतीवर डकवले. सौ. पडल्या पडल्या म्हणाली, "शाळेनं तुम्हाला सोडलं, पण तुम्ही काही शाळेला सोडून नाही राह्यले."

१९ जानेवारी, गुरुवार

८६. कोनमापक मांडीला लावला तशी सौ. दचकली. म्हणाली, लाकूड बर्फासारखे गार आहे. अडतीस वर्षांच्या संसारात तिने मला एवढ्या जोरात कधी हटकले नव्हते. उद्यापासून चार वाजता कोनमापक ओट्यावर उन्हात ठेवीन.

२६ जानेवारी, गुरुवार

परवा टाके काढले. आज ९२. काटकोन ओलांडला, म्हणून गल्लीच्या कोपऱ्यावरून जिलेबी आणली. सौ. म्हणाली, ही गुडघ्याची की सव्वीस जानेवारीची? मी म्हटले, दोन्हींची. आलेखाच्या कागदावर आतापर्यंतचे बिंदू जोडले. रेषा छान चढते आहे.

स्वयंपाक सध्या मी करतो. भातात पाणी किती हे अजून नक्की होत नाही. शेजारच्या धुरपदाबाई भाजी आणून देतात आणि माझ्या भाताकडे पाहून पदर तोंडाला लावतात.

४ फेब्रुवारी, शनिवार

९८. मोजताना सौ.ची टाच माझ्या तळहातावर असते आणि ती सावकाश पाय मागे ओढते. "बस" म्हणाली की मी तिथेच थांबतो. दवाखान्याच्या कागदावर लिहिले आहे की घरच्यांनी हलका जोर द्यावा. माझ्याने तो देववत नाही. तिचा चेहरा पाहवत नाही.

दुखण्यावरून लक्ष उडावे म्हणून की काय, तिने आज मध्येच विचारले, "धूलकोटला तुम्ही जेवायचे कुठं?" मी चकित झालो. धूलकोट ही माझी पहिली नोकरी, लग्नानंतरची तीन वर्षे. मी तिकडे आणि ही इकडे आमच्या गावी, बहादरपूरला, माझ्या आईजवळ. त्या वर्षांबद्दल आम्ही कधी बोललोच नव्हतो. मी सांगितले, एका माळकऱ्याच्या घरी जेवायचो, भाजीत मिठाशिवाय काही नसायचे. ती म्हणाली, "आणि मी इकडं आईंच्या हाताखाली मांडे शिकून राह्यली होती. पहिल्या दिवशी सात फाटले. आईंनी सातही फाटके मलाच वाढले. वाईट नाही बोलल्या. पण मग पुढं चांगले झाले तरी चांगले नाही बोलल्या. कधीच."

हे मला माहीत नव्हते. आई तशी होती खरी. माझ्या पहिल्या नंबराचे प्रगतिपुस्तकही तिने नुसते डोक्याला लावून देवापुढे ठेवले होते.

सहा वाजून गेले तरी आम्ही बोलतच होतो. निंबा सोनार बुद्धिबळासाठी देवळाच्या ओट्यावर वाट पाहत राहिला असणार. निवृत्त झाल्यापासून रोज साडेचारला मी तिथे हजर असायचो. आता पाच वाजता मोजमाप असते. शिवाय त्या ओट्याच्या पायऱ्या दुरुस्तीनंतर उगाच उंच केल्या आहेत.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

१०४. वॉकर सुटला, आता काठी. वॉकर मी मोडीत काढलेला नाही. त्याची रबरे नीट राहावीत म्हणून रोज सकाळी अंथरुणातून उठल्यावर तो धरून घरात दोन फेऱ्या मारतो. वस्तू वापरात असली की टिकते.

सौ. ते पाहत होती.

२२ फेब्रुवारी, बुधवार

जळगावला दीड महिन्याची तपासणी. तपासणीच्या खोलीत शिरताना सौ.च्या लक्षात आले की एक्स-रेचे पाकीट गाडीतच राहिले. मी आणायला गेलो. गाडी लांब, त्यात दोन जिने. पाकीट सापडेना म्हणून ड्रायव्हरवर थोडा चिडलोही. परत आलो तर पाकीट सौ.च्या पिशवीतच होते. ती आणि डॉक्टर दोघेही हसत होते. बहुधा माझ्या फेरीलाच.

मी नेमका आकडा विचारला. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, अगदी हवं तसं चाललंय. तुम्ही तुमचं मोजमाप चालू ठेवा. त्याचा फार उपयोग होतोय."

डॉक्टरांनी आकडा सांगू नये हे मला पटले नाही. पण माझ्या पद्धतीची त्यांनी दखल घेतली.

घरी येऊन पाच वाजता मोजले. १०५.

८ मार्च, गुरुवार. धुळवड

१०५. पंधरा दिवस झाले, आकडा तिथेच आहे. १०४, १०५, १०५, १०४. रेषा चढायची थांबली. व्यायाम ती करते, मी समोर बसून मोजतो. पायाला सूज नाही. तरी एकशेपाचला पोचली की डोळे मिटते आणि म्हणते, "बस, आई गं."

माझ्या वर्गात अशी मुले असायची. पहिल्या घटक चाचणीत उत्तम, मग गाडी अडायची. त्यांना रागावून उपयोग नसतो. मी सौ.ला काही बोललो नाही. गुलाल लावला, तिनेही मला लावला. धुरपदाबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "गुरुजी यंदा लई रंगात आहेत व माय."

१४ मार्च, बुधवार

१०४. आज भीती वाटली, ती स्पष्ट लिहितो. सहा आठवडे उरले. जास्त वाकणारा सांधा बसवण्याचा आग्रह माझा होता. तो वाकत नाही आणि ही आईच्या घागरीपुढे खुर्चीवर बसली आहे, असे चित्र डोळ्यांपुढून जात नाही. दुपारी झोप लागली नाही. घरात शांतता होती. सौ. धुरपदाबाईंकडे गेली होती. हल्ली दोन ते चार तिकडेच असते. चालणे होते, तेवढे बरे.

२३ मार्च, शुक्रवार. पाडवा

१०५. गुढी उभारली. सर्वांत खालच्या फळीवरचा तांब्या सापडेना म्हणून मी खुर्ची घेऊन वाकणार होतो, तोवर तो पुसून ओट्यावर ठेवलेला दिसला. धुरपदाबाईंनी काढून दिला असणार. शेजार चांगला मिळणे हे भाग्य आहे.

सौ.च्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पीठ लागले होते. म्हणाली, पोळ्यांची कणीक मळली. एवढ्या वर तर कणकेत हात जात नाही, पण पंधरा दिवसांनी ती आनंदात दिसत होती, म्हणून जास्त चौकशी केली नाही.

२७ मार्च, मंगळवार

१०५.

धुरपदाबाई आखाजीची तयारी आतापासूनच करू लागल्या आहेत. त्यांच्या परसात चूल आहे. आज त्यांनी दोन मांडे पाठवले. सौ.ने माझ्यापुढे ठेवले आणि जेवण होईपर्यंत दारातच उभी राहिली. मी खरे ते सांगितले. मांडा जाड आहे, मध्ये फाटला आहे, एका बाजूला करपला आहे. धुरपदाबाई मनाने चांगल्या, पण खापरावरचा हात वेगळा असतो.

सौ. म्हणाली, "पहिलाच हाये. हळूहळू जमेल त्यांना."

मी म्हटले, साठीला आलेल्या बाईला आता काय जमणार?

तिने ताट उचलले. मागे वळून पाहिले नाही. एवढी वर्षे शेजारी राहून तिला धुरपदाबाईंचा फारच पुळका आला आहे.

३ एप्रिल, मंगळवार

१०५. पुन्हा मांडे आले. या खेपेला फाटले नव्हते. जाडीही कमी झाली होती. अजून कडेला जाड वाटले, तसे सांगितले. सौ. म्हणाली, "तुमच्या जिभेलाच कोनमापक लावलाय." वास्तविक मी धुरपदाबाईंचे कौतुकच केले होते.

१० एप्रिल, मंगळवार

जळगाव. तीन महिन्यांची तपासणी. सौ. म्हणाली की आत फक्त पेशंटनेच जायचे असते, तशी पाटी लागली आहे. मला पाटी कुठे दिसली नाही. मी बाहेर बसलो.

नंतर मला आत बोलावले. मी आलेख पुढे केला. बावीस फेब्रुवारीपासून कालपर्यंत आडवी रेषा. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि म्हणाले, "गुरुजी, इतकी सरळ रेषा मी माझ्या आयुष्यात पाहिली नाही." मी सांगितले की ती पट्टी न लावता आली आहे. ते खिडकीकडे वळले.

मग मी धीर करून विचारले, चुलीपुढे बसणे होईल का? म्हणाले, "पाटावर बसायचं, थेट जमिनीवर नाही. उठताना आधार धरायचा. सगळं आजींना सांगितलंय." हे ऐकून उलट जास्त वाईट वाटले. एकशेपाचवर पाटावर कसे बसणार, हे त्यांनी सांगितले नाही आणि मला विचारवले नाही.

निघताना त्यांनीच विचारले, "गुरुजी, खुर्चीवरून उठताना तुम्ही दोन्ही हात का टेकवता?" मी म्हटले, सवय.

१४ एप्रिल, शनिवार

१०५.

आज दुपारी धुरपदाबाईंचा मांडा आला. पातळ, सगळीकडे सारखा, धरला तर उजेड आरपार दिसत होता. पहिला घास तोंडात घातला आणि मला आई आठवली. म्हणजे चेहरा नाही आठवला. बहादरपूरचे आमचे परस, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीचा जाळ, आणि मी शाळेतून येऊन दप्तरासकट चुलीशी बसलेलो, ते सगळे आठवले. आईच्या हातचाच मांडा. दुसरा शब्द नाही. दोन खाल्ले आणि तिसरा मागून घेतला.

हे सौ.ला सांगितले नाही. नुसते "बरा आहे" म्हणालो. तिला चुलीपुढे बसता येत नाही आणि शेजारणीला आईसारखा मांडा येऊ लागला, हे ऐकून तिला काय वाटेल? इथे लिहून ठेवतो, म्हणजे मनातून जाईल.

१८ एप्रिल, बुधवार

१०४. एक अंश कमीच.

आज मी ठरवले. बहादरपूरला बसने जाऊन आलो. तिथल्या मालूबाई सणासुदीला मांडे करून देतात. आखाजीसाठी वीस सांगितले. सौ.ला आयत्या वेळी सांगेन. म्हणेन की घागरीपुढे मांडा असणे महत्त्वाचे, कुणी केला ते आई बघत नाही. हे खरे नाही. आई पहिल्यांदा तेच बघायची.

बसची पायरी फार उंच होती. कंडक्टरने हात दिला. "बाबूजी, आराम से," म्हणाला. मला जरा राग आला.

१९ एप्रिल, गुरुवार

सौ. आज सकाळपासून एकही शब्द बोलली नाही. कारण कळले नाही. भात मऊ झाला होता, पण तो रोजच होतो. पाच वाजता पाय पुढे केला, मोजू दिले, डोळे मिटले नाहीत. माझ्याकडेच रोखून पाहत होती. १०५.

ही वही मी तांदळाच्या डब्यावर ठेवतो, तिथून ती थोडी सरकलेली दिसली. मांजर असेल.

२२ एप्रिल, रविवार

रजनी आली. आल्या आल्या मायलेकी आत, दार लोटून. नुसते हसणे ऐकू येते. रजनीने बाहेर येऊन मला विचारले, "बाबा, तुमच्या शाळेत कॉपी किती पोरं करायची?" मी म्हटले, माझ्या वर्गात एकही नाही. फळ्याकडे तोंड करून उभा असलो तरी मागे कोण कुणाच्या वहीत डोकावतो ते मला कळायचे. ती म्हणाली, "हो ना, वही तो," आणि परत आत पळाली.

कुंभाराकडून घागर आणली. सौ.चा अबोला सुटला आहे असे दिसते. रात्री माझ्या ताटात तूप जास्त होते.

२४ एप्रिल, मंगळवार. आखाजी

सगळे क्रमाने लिहितो, नाहीतर गोंधळ होईल.

सकाळी आठच्या बसने बहादरपूरला गेलो. सौ.ला सांगितले, भाऊ लोटूकडून आंबे आणतो. मालूबाईंकडून मांड्यांची टोपली घेतली. परत येईपर्यंत साडेदहा झाले. गल्लीत शिरलो तेव्हा लाईट गेलेली होती. घरोघरचे यंत्रमाग थांबले होते, एवढी शांतता आमच्या गल्लीत सणालाही नसते. त्या शांततेत आमच्या परसातून पऱ्हाटी कडकडल्याचा आवाज येत होता.

आमच्या परसात चूल नाही. म्हणजे काल रात्रीपर्यंत नव्हती.

मी मागच्या दारात गेलो. तीन विटांची नवी चूल, वर पालथे खापर. समोर पाटावर मथुरा बसली होती. उजवा पाय, तोच पाय, मुडपून मांडीखाली घेतलेला, डावा गुडघा उभा. हातांवर मांडा पसरत होता, मनगटापासून कोपराकडे. तिने तो एकदा फिरवला, दोनदा फिरवला, आणि खापरावर टाकला. एकही सुरकुती नाही. शेजारी परातीत अकरा मांडे घडी घालून ठेवलेले. मी मोजले.

धुरपदाबाई जाळ पुढे सारत होत्या. रजनी मोबाईलवर फोटो काढत होती, पण तिने तो माझ्याकडे वळवला होता.

मला रडू आले. टोपली हातात असल्यामुळे डोळे पुसता येईनात. अडतीस वर्षांत या बाईला मी कितीदा चुलीपुढे पाहिले असेल, आणि एकदाही उभे राहून पाहिले नव्हते.

मथुरा खापरावरची नजर न काढता म्हणाली, "दार सोडा. धूर कोंडून राह्यला. आणि ते मालूबाईचे मांडे धुरपदाबाईंकडं देऊन या, त्यांच्या घरी यंदा केलेच नाहीत. कवा करतील? महिनाभर माझ्यामागं आहेत."

मालूबाईंचे नाव मी घरात कुणापाशी काढले नव्हते. पण त्या क्षणी ते सुचले नाही. मला एवढेच सुचले की धुरपदाबाईंनी कधी मांडे केलेच नव्हते.

दुपारी घागर पुजली. आमरस, मांडा, वर तूप. मथुरा पाटाचा कोपरा आणि रजनीचा हात धरून स्वतः खाली बसली, स्वतः उठली. मी आईला मनात म्हटले, बघ.

पाच वाजता तिने कोनमापक माझ्या हातात दिला. पाय मागे ओढू लागली. शंभर. एकशेपाच गेले. मी सवयीने थांबलो, ती थांबली नाही. एकशेवीस. कोनमापक लावायला जागा पुरेना. मी दोनदा मोजले, दोनदा वजाबाकी केली. १३१.

"कधीपासून?" मी विचारले.

"डॉक्टरांकडं दीड महिन्याच्या तपासणीला गेलो ना, तेव्हाच एकशे सोळा होता. तुम्ही पाकीट शोधून राह्यले होते."

"मग रोज एकशेपाच का?"

तिने पाय सरळ केला. मग म्हणाली, "एकशेतीस दाखवला असता तर तुम्ही वही मिटली असती आणि साडेचारला ओट्यावर गेले असते. मला धूलकोटचं ऐकायचं होतं. अजून दोन वर्षांचं राह्यलंय."

चौतीस वर्षे मी पोरांच्या नजरा ओळखल्या. दोन महिने एका बाईने माझ्या तळहातावर टाच ठेवून मला फसवले आणि मी आलेख काढत बसलो. मला राग यायला हवा होता. मला इतके हसू आले की रजनी स्वयंपाकघरातून पाहायला आली.

हसून उठायला गेलो. पलंगाची कड धरली, एकदा जमले नाही, दुसऱ्यांदा उठलो. मथुरा पाहत होती. म्हणाली, "आता तुमचा पाय इकडं करा."

मी म्हटले, मला काही झालेले नाही.

"स्टूल डगमगत नाही. सुतार पाहून गेला. आणि वॉकरच्या रबराला फेऱ्या लागत नाहीत."

आज सण आहे, उद्या बघू, म्हणून मी विषय टाळला. तिने कोनमापक उशाला घेतला आहे.

२५ एप्रिल, बुधवार

मी मथुरा. नोंद मोजणाऱ्याने ठेवायची असा यांचाच नियम आहे म्हणून आज मी लिहिते. माझी चौथी झालेली आहे. चुका असल्या तर लाल शाई लावू नये.

संध्याकाळी पाच. कोनमापक चारपासून उन्हात होता. यांचा उजवा ८८, डावा ९६. वजाबाकी रजनीने तपासली. बस म्हणाले तिथे मी थांबले. यांचे बस खरे होते, तोंडावर दिसत होते. एवढे दिवस कसे चालवले देव जाणे.

रजनीने जळगावला फोन करून नंबर लावला. ८ मे. टेबलावरचे दोन सांधे यांनी आपल्या हाताने बघावे. यांना मांडे करायचे नाहीत, पण ओट्यावर निंबाभाऊंसमोर मांडी घालून बसायचे असते. तेव्हा वाकणाराच घ्यावा असे माझे मत. रोज पाच वाजता मी मोजणार. बोलणे पण होईल. धूलकोटची दोन वर्षे राहिली आहेत आणि माझ्या बाजूचीही तेवढीच.

वही तांदळाच्या डब्यावर असते आणि तांदूळ निवडते मीच, तेव्हा मागची सगळी पाने वाचलेली आहेत. २७ मार्चचा मांडा जाड होता, मान्य. ३ एप्रिलचा नव्हता.

१४ एप्रिलचे पान मी रोज वाचते.